प्रार्थनेतही पाट्या टाकल्या जातात तेव्हा

पत्र

ताई,

मी ४६ वर्षांची. नोकरी करते. गेली ११ वर्षं प्रार्थना-ध्यानाचा एक छोटा गट चालवते. दर आठवड्याला बैठक असते. एरवीही कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरात बिनसलं, कुणाचं माणूस गेलं की फोन मलाच येतो. 'तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं,' असं लोक म्हणतात. पूर्वी मलाही वाटायचं. गेल्या वर्षभरात काय झालंय कळत नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो. डोळे मिटले की उद्याच्या कामांची यादी सुरू होते. प्रार्थना तोंडाने म्हणते, आत काही हलत नाही. घरी सगळ्यांवर खेकसते आणि बैठकीत प्रेमाबद्दल बोलते. मागच्या महिन्यात गटातल्या एकीच्या मुलीला अपघात झाल्याचा फोन आला. मनात पहिला विचार काय आला सांगू? 'आता परत मलाच जावं लागणार.' त्या रात्री मला स्वतःची किळस आली. मी ज्यांना मार्गदर्शक मानते ते म्हणाले, साधना कमी पडतेय, वाढव. म्हणून पहाटे अर्धा तास आणखी लवकर उठायला लागले. आता तर बसल्या बसल्या झोप लागते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. माझी श्रद्धा संपली का? की मी मुळातच ढोंगी होते?

– तुमची एक वाचक

उत्तर

तुम्ही त्या मुलीला बघायला गेलात ना? पत्रात लिहिलेलं नाही, पण गेलाच असणार. तिच्याजवळ कुणी कधी थांबायचं तेही तुम्हीच लावून दिलं असेल, तिच्या आईचा हात धरून बसला असाल, आणि घरी येऊन त्या एका विचाराबद्दल रात्रभर स्वतःला बोल लावला असेल.

मी तो विचार चार-पाचदा वाचला. मला त्यात दुष्टपणा सापडला नाही. 'परत' हा शब्द सापडला, आणि 'मलाच'मधला 'च' सापडला. तुमच्या ११ वर्षांचा सगळा हिशेब त्या 'परत'मध्ये आणि त्या 'च'मध्ये आहे. बाकीचं पत्र नसतं तरी मला उत्तर लिहिता आलं असतं.

मी स्वतः काही वर्षं रात्रीच्या वेळी फोनवर लोकांचं ऐकून घ्यायचं काम केलं आहे. एका रात्री एक गृहस्थ वडिलांच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होते. मी 'हं', 'हो ना', 'कठीणच असतं ते' असं म्हणत होते, अगदी बरोबर जागी. आणि हातातल्या पेनाने समोरच्या कागदावर चौकोन काढत होते. फोन ठेवल्यावर पाहिलं तर अख्खं पान चौकोनांनी भरलेलं, आणि त्या माणसाचं नाव मला आठवेना. त्यांना काही कळलं नव्हतं. उलट 'फार बरं वाटलं' म्हणाले होते. त्या आभारांनीच मी जास्त घाबरले. आपण पाट्या टाकतोय आणि तरी काम चालतंय, म्हणजे हे असंच वर्षानुवर्षं चालू शकतं, हे त्या रात्री लक्षात आलं.

तुमचंही तेच चाललंय. प्रार्थनेत पाट्या, बैठकीत पाट्या. यात ढोंग नाही, सवय आहे. माणूस रिता झाला तरी सवय त्याला बराच काळ ओढत नेते.

याला आता सगळे बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. ती याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न निभावलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणते, आणि तिच्या तीन खुणा सांगते: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन दुरावणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. बसल्या बसल्या झोप, फोन वाजला की गोळा, आणि 'मी ढोंगी आहे का'.

आता कागदावर ही व्याख्या फक्त नोकरी-व्यवसायापुरती आहे. तुमचा गट तिच्यात बसत नाही. पण गंमत अशी, की या शब्दाला मानसशास्त्रात जागा मिळाली तीच मुळात तुमच्यासारख्या माणसांमुळे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञांनी त्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या लोकांना बघून. मन लावून, आदर्शापोटी काम करणारी माणसं. ते स्वतःही दिवसा आपली प्रॅक्टिस करून रात्री तिथे राबायचे आणि स्वतःच कोसळले होते. पाट्या टाकायलाच बसलेला माणूस असा जळत नाही. जो जीव ओतून करतो, तोच मेटाकुटीला येतो.

घरी खेकसणं आणि बैठकीत प्रेम, याची तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटते असं दिसतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना 'भावनिक श्रम' हा शब्द वापरला. कामाचा भाग म्हणून चेहऱ्यावर आणि मनात एक ठरावीक भाव आणत राहणं हेही श्रमच आहेत, त्यांचीही किंमत मोजावी लागते, हे त्यांचं म्हणणं. तुम्ही दिवसभर नोकरीत एक चेहरा ठेवता, संध्याकाळी फोनवर दुसरा. तो उतरवायला जागा उरते ती फक्त घरी, कारण तिथली माणसं तुम्हाला सोडून जाणार नाहीत अशी तुम्हाला खात्री आहे. हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे, तेवढं मात्र मी तुम्हाला सोडणार नाही. त्यांना एकदा सरळ सांगा: 'मी थकले आहे, राग तुमच्यावर नाही.' खेकसणं लगेच थांबणार नाही, पण घरातल्यांना निदान कारण तरी कळेल.

आता श्रद्धेचा प्रश्न. तीन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात, आणि तिन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे माझ्या पत्रावरून निदान करू नका.

पहिली म्हणजे साधनेतला कोरडेपणा. बाकी आयुष्य ठीक, झोप नीट, माणसं हवीशी वाटतात, फक्त प्रार्थनेत काही लागत नाही. हा फार जुना पाहुणा आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूने त्याचं जे वर्णन केलंय, ते वाचताना हसू येतं. भर दुपार. साधू आपल्या खोलीत बसलाय. सूर्य जागचा हलत नाही, दिवस ५० तासांचा वाटतोय. तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन सूर्य कुठवर आला ते पाहतो, कुणी सोबती इकडे फिरकतोय का ते पाहतो. मग त्या जागेचा, त्या जगण्याचाच उबग येतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या साधूच्या हातात मोबाईल दिला असता तर त्याने काय केलं असतं ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. सांगायचा मुद्दा, ज्यांनी आयुष्यच त्याला वाहिलं त्यांनाही हा कोरडेपणा आलेला आहे, आणि तो श्रद्धा संपल्याचा दाखला नाही.

दुसरी म्हणजे ही दमणूक. ती भूमिकेला चिकटलेली असते. जिथे तुम्ही 'सांभाळणाऱ्या' असता तिथे जीव नकोसा होतो; जिथे कुणी तुमच्याकडून काही मागत नाही तिथे अजून थोडा श्वास घेता येतो. स्वतःला विचारून बघा: गटातलं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी तुम्ही शेवटच्या मोकळ्या कधी हसलात? उत्तर सापडलं, भले ते सहा महिन्यांपूर्वीचं असेल, तर मला जरा हायसं वाटेल.

तिसरी म्हणजे नैराश्य. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास किंवा बधिर, आवडीच्या कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. तुम्ही 'किळस' हा शब्द लिहिलाय, म्हणून हे स्पष्ट लिहिते. यातलं बरंचसं जुळत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, या सदराच्या भरवशावर राहू नका. आणि स्वतःला संपवण्याचा विचार एकदाही डोकावला असेल, तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि आजच डॉक्टरकडे जा. प्रार्थनेने बघू, असं म्हणायची ती जागा नाही.

माझा अंदाज विचाराल तर तुमचं प्रकरण दुसऱ्या गोष्टीचं आहे, आणि पहिली तिच्या आडोशाला येऊन बसली आहे.

तुमच्या मार्गदर्शकांचा सल्ला मला पटला नाही. साधना वाढवा, हे आळसावर औषध आहे. कंटाळ्यावरही कधी कधी असेल. पण ज्या बाईला डोळे मिटताक्षणी झोप लागते तिला पहाटे अर्धा तास आधी उठवणं म्हणजे तापात फणफणलेल्याला धावायला लावणं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा जास्त वेळा टाकून आड भरत नाही. पतंजलींनी चित्ताचे नऊ अडथळे सांगितले आहेत, त्यांत आळस आहे, संशय आहे, चुकारपणाही आहे. पण यादीत सगळ्यात पहिलं नाव आहे व्याधीचं. आधी शरीर. आणि बुद्धाच्या सोण नावाच्या शिष्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चालत ध्यान करता करता त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी काही लाभेना, तेव्हा सगळं सोडून घरी जावं असं त्याला वाटायला लागलं. बुद्धाने त्याला आणखी चालायला सांगितलं नाही. तू पूर्वी वीणा वाजवायचास ना, असं विचारलं, आणि फार ताणलेली तार सुरात वाजते का, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. ढिल्या तारेचंही विचारलं, हे खरं. पण तुमची तार ढिली आहे असं तुमच्या पत्रातल्या एकाही ओळीवरून वाटत नाही.

तेव्हा आधी शरीर. रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२. सतत थकवा आणि चिडचिड यांच्यामागे यातलं काही निघालं तर गोळी लागते, पश्चात्ताप नव्हे. शिवाय तुमचं वय ४६. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत झोप मोडते, मन उगाच भडकतं, विसरायला होतं. किती तरी बायका ते सगळं स्वभावाच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोला. इतकी आध्यात्मिक तक्रार आणि मी रक्ततपासणी सांगतेय, याचा राग आला तरी चालेल.

दुसरं, गट. १२ आठवडे बाहेर पडा. 'थोडं कमी करते' हा मार्ग तुम्हाला जमणार नाही, कारण कमी केलेलं दोन आठवड्यांत पुन्हा होतं तेवढं होतं. गटाला एवढाच निरोप पाठवा: 'माझी तब्येत ठीक नाही. पुढचे तीन महिने मी बैठक घेणार नाही आणि फोनवरही नसेन. बैठक कोण घेणार ते तुम्ही आपसांत ठरवा.' खाली कारणांची रांग लावू नका. 'अगदीच अडलं तर करा फोन' हे वाक्य तर मुळीच लिहू नका. प्रत्येकाचं अगदीच अडलेलं असतं.

यानंतर दोन गोष्टी होतील. काही जण दुखावतील, एखादी बोलूनही दाखवेल. ते तुम्ही निभावून न्याल. दुसरी गोष्ट जड जाईल: दोन-तीन आठवड्यांत बैठक तुमच्याशिवाय चालायला लागेल. कदाचित बरी चालेल. माझ्या वेळी मला हेच सगळ्यात जास्त लागलं होतं. माझ्यावाचून अडेल, या काळजीत थोडी चवही होती, हे तेव्हा कळलं. तुमच्या त्या 'च'मध्येही ओझ्यासोबत किंचित मान आहे का, हे एकटीने बसून बघा. मला कळवू नका. आणि समजा गट खरोखरच बसला, तर तो गट नव्हताच, एक बाई आणि तिच्या आधाराला टेकलेली माणसं होती. तेही कळलेलं बरं.

तिसरं, प्रार्थना. ती बंद करा असं मी म्हणत नाही. पण ११ वर्षं तुमची प्रार्थना कामाला जुंपलेली आहे. तुम्ही डोळे मिटता तेव्हाही आत चाललेलं असतं की हे बैठकीत कसं सांगू, तिला यातलं काय उपयोगी पडेल. त्यामुळे यादी सुरू होते यात नवल नाही. ती यादी म्हणजे तुमच्या प्रार्थनेचा नेहमीचाच धंदा आहे. तीन महिने कुणासाठी काही मागू नका. कुणाचं नाव घेऊ नका. दिवसात दहा मिनिटं, बसवत नसेल तर चालत. शब्द येत नसतील तर शब्दांशिवाय. झोप लागली तर झोपा. कधी वाटलं तर जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी, दुसरं कुणी प्रार्थना घेत असेल तिथे, मागच्या रांगेत जाऊन बसा आणि संपायच्या आधी उठून या. ११ वर्षांत तुम्ही मागच्या रांगेत बसलेल्या नाही.

चौथं, तुमचं ऐकणारं कुणी. पेशाने समुपदेशन करणारी माणसं आपल्याहून अनुभवी माणसाकडे नियमाने जातात. ऐकलेलं तिथे उतरवून ठेवतात, आपलं कुठे चुकतंय ते तपासून घेतात. हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. तुम्ही ११ वर्षं इतरांची मरणं, आजार, भांडणं ऐकलीत, ती कुठे उतरवलीत? एक समुपदेशक गाठा, ज्याचा तुमच्या गटाशी, मार्गदर्शकांशी काही संबंध नाही असा. तिथे श्रद्धेबद्दल हवं तसं वेडंवाकडं बोला.

या तीन महिन्यांत गट कायमचा सोडायचा, नोकरी सोडायची, मार्गदर्शकांना खरमरीत पत्र लिहायचं, असले निर्णय घेऊ नका. लिहायचंच असेल तर लिहा आणि कपाटात ठेवा.

किती दिवसांत बरं वाटेल, हेही विचाराल. वर्षभर चढलेला शिणवटा एका सुट्टीत उतरत नाही. मी जे पाहिलंय त्यात आधी झोप परत येते, आणि तीही सुरुवातीला इतकी येते की माणूस घाबरतो. मग चिडचिड कमी होते, हे घरातल्यांना तुमच्या आधी कळतं. मग एखाद्या दिवशी उगाचच काहीतरी गुणगुणता. प्रार्थना बहुतेक शेवटी येते, त्यामुळे तिची वाट बघत बसू नका. मधेच एखादा आठवडा पुन्हा पहिल्यासारखा जाईल.

तीन महिन्यांनी परत गेलात तर दोघींनी मिळून गट चालवा, तिघींनी तर उत्तम. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती सगळ्यांना सांगा. आणि पुढच्या वेळी कुणाच्या मुलीला अपघात झाला तर 'कोण जातंय?' असं विचारून गप्प बसायला शिका. ती शांतता फार लांब वाटेल. तुम्ही ती भरू नका.

एक काम मात्र निरोप पाठवायच्या आधी करा. फ्रॉइडनबर्गर स्वतः कोसळले तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर सुरू करून आपलं सगळं बोलून ठेवलं, आणि नंतर ते पेशंटचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं. तुमच्याकडे तर पत्र तयारच आहे. ते मोबाईलवर मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐका, गटातलीच कुणी रात्री साडेदहाला फोन करून हे सांगतेय असं समजून. ११ वर्षं तुम्ही असे फोन घेतलेत. तिला काय सांगायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पहाटे अर्धा तास आणखी लवकर ऊठ, असं तिला नक्कीच सांगणार नाही तुम्ही.

गजर आज रात्रीच बदला.